प्यालेटवाल्या सिस्टर

विमल सिस्टर लाकूड तपासतात. बघतात नाही, तपासतात. आधी बोटांच्या पेरांनी फळीवर टकटक करतात, मग तिला कान लावून डोळे मिटून घेतात. शेजारी आपण काही बोलत असलो तर डोळे न उघडता हात वर करून आपल्याला गप्प करतात. मग निदान येतं. "ह्याला काही झालेलं न्हाई. नुसता अशक्तपणा हाय." नाहीतर, "हे आतून गेलंय. नातेवाइकांला कळवा."

नातेवाईक म्हणजे मी. कनेरगाव नाक्यावर माझं हार्डवेअर आणि मोटारपंपाचं दुकान आहे. अलीकडं सौर पंपाचं काम वाढलं. त्याच्या प्लेटा जाड फळ्यांच्या चौकटींवर बांधून येतात. कंपनीवाले त्या चौकटीला पॅलेट म्हणतात, आमचा नाका प्यालेट म्हणतो. प्लेटा शेतात जातात, प्यालेट माझ्या दारात पडून राहतं. पूर्वी ती सगळी समोरच्या ढाब्यावर जायची आणि बालाजीच्या भट्टीत जळायची. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सिस्टर रिटायर होईपर्यंत.

सिस्टर आमच्या उपकेंद्रात नर्स होत्या. जवळजवळ अख्खी नोकरी त्यांनी इथंच काढली. बदलीची नुसती कुणकुण लागली तरी गावातल्या पोटुशा बायका जिल्ह्याला जाऊन ठाण मांडायच्या, असं म्हणतात. नाक्यावरच्या निम्म्या माणसांना आयुष्यातली पहिली चापट सिस्टरनी मारलेली आहे आणि हे त्या कोणाला विसरू देत नाहीत. सरपंच भाषणाला उभे राहिले की खाली बसलेल्या सिस्टर शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "ह्यो बाहेर यायलाच तयार नव्हता. आता बघा, माइक सोडंना." मी जन्मलो तो निळा पडूनच, रडलोही नाही म्हणे. त्यामुळे भर गिऱ्हाइकात त्या मला 'निळ्या' म्हणून हाक मारतात. लग्न नवीन होतं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, नवरा पूर्वी चळवळीत असावा.

सिस्टरनी स्वतः लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची नाक्यावर कोणाची छाती नव्हती. उलटून त्या आपल्या जन्माबद्दल काय सांगतील याचा नेम नव्हता. रिटायर झाल्यावर सरकारी क्वार्टर सुटलं आणि त्यांनी नाक्याच्या मागं, हळदीच्या वावराला लागून, थोडी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. मोकळी जागा भरपूर उरली. रिकामा वेळ त्याहून जास्त उरला.

एका सकाळी त्या माझ्या दुकानावर आल्या तेव्हा बालाजीचा माणूस प्यालेट उचलून नेत होता. सिस्टरनी त्याच्या हातातल्या प्यालेटवर टकटक केलं, कान लावला आणि त्याच्या मागोमाग थेट ढाब्यावर गेल्या. भट्टीच्या शेजारी रचलेल्या ढिगावर जाऊन बसल्या.

"काहून जाळून राहिलास रे जित्या लाकडाला?"

"सिस्टर, उठा. गिऱ्हाईक थांबलंय. भट्टी इझून राहिली."

"मग मला बी टाक भट्टीत."

बालाजी सहा फुटी गडी. मिशा अशा की ट्रकवाले बिलात काटछाट करत नाहीत. पण त्याची पहिली चापटही सिस्टरकडंच जमा होती. शेवटी तोड निघाली. रोज सकाळी सिस्टर ढाब्यावर येऊन ढीग तपासतील, जे मेलं असेल तेच भट्टीत जाईल, बाकीचं त्या नेतील. या कार्यक्रमाला बालाजी 'सिस्टरची ओपीडी' म्हणू लागला. ट्रक ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात धरून ते बघत उभे राहायचे. एकाने एकदा हसत विचारलं, "मावशी, ये क्या कर रहे हो?" सिस्टरनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हारे आँख में पीलापन है. हिंगोली में दिखाओ." तो हसायचा थांबला आणि खरंच दाखवायला गेला, असं नंतर कळलं.

प्यालेट सोडवणं हे हातोड्याचं काम आहे, असं आपल्याला वाटतं. सिस्टरच्या मते ती बाळंतपणाची कला आहे. फळी ओढायची नाही, वाट बघायची. दोन फळ्यांच्या सांध्यात पहार सरकवायची, थोडं उचलायचं, थांबायचं. खिळा करकरला की सिस्टर त्याला समजावतात, "घाबरायचं न्हाई. मोठा श्वास घ्यायचा. आलं, आलं, आलं..." आणि जंबुरीत धरून तो सुळकन बाहेर. वाकडे खिळे दगडावर ठेवून ठोकून सरळ करतात आणि जुन्या इंजेक्शनच्या डब्यात ठेवतात. एवढी लाकडी कामं करणारी बाई माझ्या शेजारी राहते आणि तिनं माझ्या दुकानातून आजवर एक खिळा विकत घेतलेला नाही.

काही प्यालेटांवर भाजून काढल्याचा शिक्का असतो. लाकडातली कीड मरावी म्हणून ती तापवतात. हे सिस्टरना मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळलं. तेव्हापासून त्या शिक्का शोधतात. "ह्याचं लसीकरण झालंय, हे घरात घ्यायचं. ज्याचं न्हाई झालं ते कोंबड्यांला."

कोंबड्यांचं खुराडं हे त्यांचं पहिलं बांधकाम. त्याचे तीन कप्पे. जनरल वॉर्ड, बाळंतिणीचा वॉर्ड, आणि शिंकणाऱ्या कोंबडीसाठी वेगळा. मग शेळीसाठी उंच माचा झाला, खालून लेंड्या झाडता याव्यात म्हणून फटी ठेवलेला. मग शेणखताचा हौद, भांड्यांची मांडणी, दाराबाहेरचा बाक, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना नव्या चौकटी. मग आवाराला कुंपण आणि फाटक. फाटकाला एक फळी कुठल्याशा यंत्राच्या खोक्याची लागली. तिच्यावर दारूच्या ग्लासासारखं चित्र होतं. आतला माल फुटणारा आहे, जपून न्या, एवढाच त्याचा अर्थ. वाशिमकडच्या एका मोटरसायकलवाल्याने तो बार समजून गाडी लावली, आत आला आणि बाकावर बसून म्हणाला, "एक क्वार्टर." सिस्टरनी आतून यंत्र आणून त्याचं बीपी तपासलं. ते इतकं निघालं की तो अर्धा तास तिथंच बसला, लिंबू-पाणी प्यायला आणि गेला. जाताना विचारून गेला, "पुन्हा तपासायला कधी येऊ?"

सिस्टरकडं गेलं की लवकर परतता येत नाही, हे नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. आपण उठलो की त्या म्हणतात, "जाता जाता एवढी फळी धर जरा." फळी धरावी लागते. त्या खिळा मारतात. मग दुसरं टोक. मग ते तिरकं वाटतं म्हणून पुन्हा काढायचं. तेवढ्यात चहाचं आधण ठेवलेलं असतं. मीही कितीदा फळी धरली. एकदा दुपारी पाइपाचं माप घ्यायला मागच्या वावरातून येत होतो, तेव्हा कुंपणाच्या फटीतून दिसलं. सिस्टर एकट्याच काम करत होत्या. गुडघ्याखाली फळी दाबून, दोन दणक्यांत खिळा आत. धरायला कोणी लागत नव्हतं. कोंबड्यांशी मात्र सारखं बोलणं चालू होतं. मी तसाच मागं फिरलो. पुढं कधी त्या म्हणाल्या, "फळी धर," तर मी कामं टाकून धरत राहिलो.

हळदीचा हंगाम संपला आणि सिस्टरनी खोली बांधायला काढली. घराला लागून, स्वतंत्र दाराची. विटांचे ठोकळे खाली देऊन त्यावर प्यालेटांची जमीन केली, वाळवी लागू नये म्हणून त्याला गॅरेजचं जळकं ऑइल पाजलं. प्यालेट उभी करून भिंती केल्या आणि फळ्यांच्या मधल्या पोकळीत तुराट्या कोंबून वरून माती-शेणाचा गिलावा दिला. वर पत्रे. खिडकी इतकी खाली ठेवली की मी म्हणालो, "सिस्टर, एवढ्या खाली कोण खिडकी ठेवतं?" त्या म्हणाल्या, "पडल्या पडल्या रस्ता दिसला पायजे."

"कोणाला?"

"पाव्हण्याला."

एवढं ऐकून नाका कामाला लागला. बालाजी म्हणाला, सिस्टर लॉज काढून राहिल्या. पानवाल्याचं मत पडलं, मेडिकल टाकणार. माझ्या बायकोनं तर या वयात सिस्टरचं लग्न जमवलं आणि नवरदेव म्हणून त्या बीपीवाल्या मोटरसायकलस्वाराचं नाव घेतलं. सिस्टर कोणाला काही सांगत नव्हत्या. खोलीत त्यांनी एक खाट केली. तिच्यासाठी लाकूड निवडायला त्यांनी माझ्या गोडाऊनमध्ये दोन सकाळी घालवल्या. फळ्या काचेच्या तुकड्यानं घासून घासून अशा केल्या की हात फिरवला तर कुठं कुसळ लागेना. कडा गोल केल्या. एका बाजूला धरून उठायला आडवी पट्टी लावली. गादी भरून आणली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी सिस्टर दुकानात आल्या. ड्युटीची पांढरी साडी, कडक इस्त्रीची. "निळ्या, गाडी काढ. कळमनुरीला जायचं हाय. मागं जागा मोकळी ठेव, सामान आणायचंय."

हिंगोली मागं पडलं. मग सिस्टर आपणहून बोलल्या. रुखमाबाई म्हणून उपकेंद्रात आया होती. मला ती आठवत होती; ठेंगणी, मोठ्यानं हसणारी, लसीच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना कडेवर घेणारी. सिस्टर नोकरीला लागल्या त्या वर्षापासून ती त्यांच्यासोबत. नवरा लवकर गेलेला, दोन लेकरं. क्वार्टरच्या एका खोलीत सिस्टर, दुसरीत रुखमा आणि पोरं. पाळणे दोघींनी मिळून हलवले, गावचे आणि घरचेही. पोरं मोठी झाली, कळमनुरीत धंद्याला लागली आणि आईला घेऊन गेली.

"पहिल्या बाळंतपणाला माझे हात थरथर कापून राहिले व्हते," सिस्टर म्हणाल्या. "बाई तिकडं वरडायली, मी इकडं रडायली. रुखमानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमी फक्त उभ्या राहा सिस्टर, ती बाई तुमच्या साडीकडं बघून धीर धरून हाय. ती नसती तं मी पहिल्याच महिन्यात पळाले असते."

"मग खोली त्यांच्यासाठी?"

"फोनवर बोलणं झालंय. म्हनली व्हती, तुमी बांधा तं खरं, मी येते."

घर बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढं थोरल्याचं किराणा दुकान, मागं दोन्ही भावांचा संसार. सुनेनं आत घेतलं, पाणी दिलं. रुखमाबाई मधल्या बोळीत, साखरेच्या पोत्यांशेजारी, सतरंजीवर पडल्या होत्या. सिस्टरचा आवाज ऐकून त्या उठू लागल्या. आधी कुशीवर झाल्या, मग ओणव्या, मग पोत्याला धरून एक गुडघा. तो काही सरळ होईना. सिस्टरनी झटकन जाऊन काखेत हात घातला आणि त्यांना वर घेतलं. वर घेतल्या घेतल्या मनगट धरून नाडी बघितली.

"आल्या आल्या तपासनी सुरू!" रुखमाबाई हसल्या. हसणं तेच होतं, फक्त आता मधेच दम लागत होता.

"गोळ्या घेती का?"

"घेते की. आठवल तवा."

मग दोघी बोलत बसल्या. कोणत्या तरी पुरात छातीभर पाण्यातून लसीचा डबा डोक्यावर धरून नेल्याचं निघालं. रुखमाबाई म्हणत होत्या डबा माझ्या डोक्यावर होता, सिस्टर म्हणत होत्या माझ्या. यावरून चांगलंच भांडण झालं. सून चहा घेऊन आली ती भांडण ऐकत दारातच थांबली. सिस्टरना एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

चहा झाला. सिस्टरनी कप खाली ठेवला. "चल. खोली झाली."

"कोंची खोली?"

"तूच म्हनली व्हती ना. बांधा तं खरं."

रुखमाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "म्या तं... तुमी खरंच बांधली?"

थोरला मुलगा दुकानातून आत आला होता. माणूस वाईट नव्हता. सिस्टरच्या पाया पडला, म्हणाला, "तुमचे उपकार हायत, न्हाई म्हनत न्हाई. पर आईला काय कमी हाय का इथं?"  सिस्टर रुखमाबाईंकडंच बघत होत्या.

रुखमाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "न्हाई जमायचं सिस्टर. दोन-दोन लेकं असून परक्याच्या घरी ऱ्हायला गेली म्हनतील लोक. लेकरांचं नाव खराब व्हईल." आणि लगेच सिस्टरचा हात धरून म्हणाल्या, "तुमी परक्या न्हाई ओ. लोकांचं म्हनून बोलले."

"व्हय व्हय," सिस्टर म्हणाल्या. "बराबर हाय तुझं. माझ्याच ध्यानात यायला पायजे व्हतं." हात तसाच धरू दिला. मग थोड्या वेळानं, सुनेला गोळ्यांच्या वेळा दोनदा समजावून सांगून, त्या उठल्या.

रिकामी गाडी फार वाजते. खड्डा आला की मागचा पत्रा दणादण आपटायचा. हिंगोलीत मी विचारलं, "चहा घेऊ, सिस्टर?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. स्टेशनाजवळ गर्दीत गाडी अडली तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चांगली सून हाय. साखर बराबर घातली तिनं चहात." पुढं बराच रस्ता गेला. मग एकदम म्हणाल्या, "तिला उठताना बघितलं का तू?"

"बघितलं."

"लई तकलीफ हाय."



दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं तर सिस्टर दारात उभ्या. खाट खोलून, तिचे पाय आणि फळ्या वेगळ्या बांधून, त्यांनी हातगाड्यावर आणल्या होत्या. वर गादी. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"एवढं कळमनुरीला नेऊन दे. तिथंच जोडून दे."

"चला की मग, दोघं जाऊ."

"मी न्हाई येत. आता गेले तं तिला वाटंल पुन्हा न्यायला आली. तिला पुन्हा न्हाई म्हनावं लागंल." त्यांनी गादीची दोरी ओढून घट्ट केली. "माझं नाव सांगू नको. सांग, दुकानात नमुना आलाय, वापरून बघा म्हनून."

मी गेलो. थोरल्यानं पोती बाजूला सरकवून जागा करून दिली. नमुन्याची गोष्ट मी सांगितली ती त्याला पटली की नाही, देव जाणे. खाट जोडून झाल्यावर त्यानं आईला हात देऊन बसवलं.  रुखमाबाईंनी खाटेच्या गोल कडेवरून तळहात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग खाली बोटं घालून चाचपलं. जुने खिळे, ठोकून सरळ केलेले. "नमुना चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मी निघालो तेव्हा तशाच होत्या.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सिस्टर नव्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. आत खोली रिकामी. खाटेच्या पायांचे चार पांढरट ठसे तेवढे काळ्या फळ्यांवर राहिले होते. मी म्हणालो, दुसरी खाट करू, लाकूड भरपूर आहे, पाहुणा कोणीतरी येईलच. त्यांनी ताटातला खडा काढून बाहेर फेकला.

"मला कोन पाव्हणा हाय रे? एकच व्हती."

मी शेजारी बसलो आणि ताटातले खडे बघू लागलो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बसली का ती?"

"बसली."

"आणि पाय? टेकले का जमिनीला, का लोंबकळून राहिले?"

मी आठवून बघितलं. ठेंगणी बाई, सुजलेले घोटे, आणि फरशीवर सपाट टेकलेली दोन्ही पावलं.

"टेकले," मी म्हणालो. "बराबर टेकले."

सिस्टरचे हात तांदळात थांबले. "माप न्हवतं माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "नुसत्या आठवणीवर केली व्हती."